आबा चव्हाणांचं नाक आणि शालनची झोप

आबा चव्हाणांच्या दोन्ही नाकपुड्यांना नावं होती. उजवी ती थोरली आणि डावी ती धाकटी. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी टपाल खात्यातला माणूस, सत्तर-बहात्तरच्या सुमाराला रत्नागिरीहून बदली होऊन कोल्हापुरात आलेला. मंगळवार पेठेत दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच सकाळी नळावर बादली लावून उभा होतो, तर शेजारच्या दारातून एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि पोट त्यांच्या दोन पावलं पुढं. ओळख ना पाळख, मला म्हणाले, "काय सांगायचं पावणं! थोरली रातभर रुसलीया. सगळा संसार धाकटीवर चाललाय. आन् तिचा तरी काय भरवसा?"

मी घरात जाऊन बायकोला हळूच सांगितलं, "शेजारी दोन बायकांचा दादला आहे. बेतानं बोल."

सुमतीनं चार दिवस त्या घराकडं बघायचंच टाळलं. पाचव्या दिवशी तिनं त्यांच्या मुलीला, शालनला, बिचकत विचारलं, "तुझ्या दोन्ही आया कुठं दिसत नाहीत गं?" शालन आधी गोंधळली आणि मग पायरीवर बसून पोट धरधरून हसली. तिची आई ती अकरा वर्षांची असतानाच गेली होती. घरात ती आणि आबा, दोघंच. थोरली आणि धाकटी आबांच्या तोंडावरच नांदत होत्या.

त्या दिवसापासून आम्हालाही रोजची बातमी मिळू लागली. "आज धाकटी उघडली!" "आज दोघींनी कट केलाय, तोंडानं श्वास घेतोय." तपमान आणि पाऊसपाणी सांगावं तशा सुरात आबा हे सगळ्या बोळाला सांगत. आवाज खणखणीत. तो त्यांचा धंदाच होता. गुळाच्या बाजारात एका अडत दुकानी ते सौदे पुकारत. समोर गुळाच्या ढेपा, भोवती व्यापारी आणि मध्ये स्टुलावर आबा.

नाक वाकडं कसं झालं, असं कुणी विचारलं की आबा छाती काढून सांगत, "तालमीत मोडलं." ते खोटंही नव्हतं. विशीत तालमीतून अंग पुसत बाहेर पडताना पायरीवरच्या चिखलात पाय सटकला आणि नाक तालमीच्याच चौकटीवर आपटलं, एवढाच खुलासा ते करत नसत. आतलं हाड एका बाजूला झुकलं ते झुकलं. वास येणं तेव्हापासून कमी होत होत पुरतंच गेलं होतं. गुळाच्या बाजारात जन्म काढलेला हा माणूस गुळाचा रंग बघे, कण तोंडात टाकून चव बघे, पण वासाचं विचारलं की म्हणे, "वासाचं खातं दुसऱ्याकडं हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे आबांची झोप. ती कुठंही यायची. जेवताना यायची, दाढी करताना न्हाव्याच्या हातात हनुवटी असताना यायची. एकदा तर भर सौद्यात आली. "एक वार... दोन वार..." असं म्हणून आबा थांबले. व्यापाऱ्यांना वाटलं, भाव वाढवायला थांबलेत. म्हणून एकानं वाढवला, दुसऱ्यानं त्याच्यावर वाढवला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पुकारणारा घोरतोय. मारुती नावाचा एक जुना हमाल तिथं होता. त्यानं दंडाला धरून हलवल्यावर आबा डोळे न उघडताच म्हणाले, "झोपलो न्हाय रं. डोळं मिटून ऐकत हुतो."

हे वाक्य मी पुढं शेकडो वेळा ऐकलं. आमच्याकडं सत्यनारायणाला कथा ऐकताना मान छातीवर पडलेली, आणि सुमतीनं प्रसाद पुढं केला की, "झोपलो न्हाय वैनी. डोळं मिटून ऐकत हुतो."

त्यांची आमची भिंत एकच. घोरणं असं, की मालानं भरलेला ट्रक घाट चढतोय असं वाटावं. चढता चढता ट्रक माथ्यावर जायचा आणि एकाएकी सगळं गप्प व्हायचं. आवाज नाही, श्वास नाही. भिंतीच्या अलीकडं आम्हीसुद्धा श्वास धरून पडलेलो असायचो. मग काहीतरी खसकन व्हायचं, आबा एकदम हुंकार द्यायचे आणि ट्रक पुन्हा पायथ्यापासून चढायला लागायचा. हे असं रोज. ते पुन्हा सुरू कसं होतं, याचा विचार आम्ही कधी केला नाही. सुरू झालं, की आपण सुटलो.

आबांची तिसरी तक्रार उजव्या पायाच्या अंगठ्याची होती. "अंगठ्यात वात हाय. झोपेत हिसका बसतोय. झोपमोड हुती." त्यावर त्यांनी तीन वैद्यांची तेलं चोळली, एकदा बिब्बा घालून घेतला. वात हटेना.

नाकाचं ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पहिल्या वेळी आबा दवाखान्याच्या पायरीवरूनच परतले. दुसऱ्या वेळी आत दाखल झाले, दवाखान्याचे कपडे घातले, आणि नर्स सुई आणायला गेली तेवढ्यात त्याच कपड्यांत बस धरून गडमुडशिंगीला बहिणीच्या घरी जाऊन बसले. बहिणीनं विचारलं, "हे काय रं ध्यान?" तर म्हणाले, "नवी फॅशन हाय."

शालन अगदी वेगळी. बारीक अंगाची, मोजकं बोलणारी, नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. चोविशी गाठली होती. डोळ्यांखाली नेहमी काळं. स्थळं येत आणि ती परतवून लावी. एक मुलगा फार उंच, एक फार बोलतो, एकाच्या तर म्हणे चपला वाजतात. आबा बोळात उभे राहून गर्जत, "चपला वाजत्यात म्हणून नवरा न्हाय म्हनती! मग काय भूत आणू व्हय, पाय न वाजवनारं?"

मग नेसरीचं स्थळ आलं. आनंदराव, हायस्कुलात मास्तर. शालन अध्यापनाच्या शिक्षणाला होती तेव्हापासूनची दोघांची ओळख. त्यानं स्वतः येऊन आबांना विचारलं होतं. सुमती मला म्हणाली, "तो चहा पीत होता तेव्हा हिचा चेहरा बघितलात ना? हिला तो आवडतो." आणि दोन दिवसांनी शालननं त्यालाही नकार कळवला.

त्या दुपारी ती आमच्याकडं आली होती. सुमती तांदूळ निवडत होती. बोलता बोलता शालन भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली. जागी झाली तेव्हा सुमतीनं तिच्या उजव्या मनगटावरचा वळ बघितला. जुना, काळसर, बांगडीसारखा गोल.

"हे काय गं?"

शालननं वळावर पदर ओढला. मग म्हणाली, "काकू, माझ्यामागं आबांना हलवणार कोण?"

आई गेल्यावर थोड्याच दिवसांनी तिच्या लक्षात आलं होतं, की झोपेत आबांचा श्वास थांबतो. ती जाऊन हलवायची, की चालू व्हायचा. अकरा वर्षांची पोर ती. आई गेलेली, आता हेही जातील या भीतीनं ती झोपायचीच नाही. मग तिनं एक युक्ती काढली. आबा झोपले, की त्यांच्या पायाच्या अंगठ्याला मऊ दोरी बांधायची आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. घोरणं थांबलं, की त्या शांततेनंच तिला जाग यायची. मग दोरीला हिसका. पहाटे आबांच्या आधी उठून दोरी सोडायची. गेली तेरा वर्षं.

सुमतीनं हे मला सांगितलं आणि बजावलं, की आबांना बोलू नका. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा पायरीवर बसून अंगठ्याला तेल चोळत होते आणि पोरीच्या नावानं शंख करत होते. "नेसरीचं सोन्यासारखं स्थळ घालवलं. काय मनात हाय तिच्या, द्येव जाणे." मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

आबांचा हात थांबला. त्यांनी अंगठ्याकडं असं बघितलं, जणू तो पहिल्यांदाच दिसतोय.

"कवापासून?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"वहिनी गेल्यापासून."

ते उठले. बाटलीतलं तेल गटारीत ओतलं, रिकामी बाटली पायरीवर ठेवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आबा आमच्या दारात हजर. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत वळकटी. "पावणं, चला. संगं ऱ्हावा. आज पळालो तर तंगडं मोडा माझं."

डॉक्टर भले होते. त्यांनी नाकात आरसा घालून बघितलं, घसा बघितला, शालनला सगळं विचारलं, दोरीचंही. मग म्हणाले, "आबा, तुमच्या मुलीनं तुम्हाला जिवंत ठेवलंय. नाकातलं हाड मी सरळ करतो. वारा मोकळा जाईल. पण नुसत्या नाकानं हे सगळं जाणार नाही. झोपेत तुमचा घसा ढिला पडून मिटतो. उताणं झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं. उशाकडनं खाट उंच करा. आणि हे," त्यांनी पोटावर बोट ठेवलं, "हे कमी करा."

आता म्हणे अशा माणसांसाठी यंत्रं निघाली आहेत. नाकावर मुखवटा बसवायचा आणि यंत्र झोपेत वारा पुरवतं. तेव्हा आमच्या बोळात तसलं काही नव्हतं.

ऑपरेशन झालं. नाक सुन्न करून केलं, त्यामुळे ठोकाठोकी आबांना ऐकू येत होती. बाहेर आले ते दोन्ही नाकपुड्यांत पट्ट्या ठासून, तोंडानं श्वास घेत, डोळे सुजलेले. मी विचारलं, "कसं काय आबा?"

"बाझं दाक," आबा म्हणाले, "बाझं द्हायच ऱ्हायलं."

दोन दिवस त्यांचा 'न' हरवला आणि 'म' मेला. मारुतीला हाक मारायची तर "बारुती!" मारुती गुळाची ढेप घेऊन भेटायला आला होता, तो हसून हसून खाटेवरून घसरला. पण त्या दोन दिवसांत झोप म्हणजे धोका होता, कारण नाक पुरतं बंद. शालन, सुमती, मारुती आणि मी पाळीपाळीनं उशाशी बसलो. बसल्यावर मला कळलं, की आम्ही भिंतीपलीकडून जे ऐकत होतो ते किती भयंकर होतं. छाती वर-खाली होत असते आणि वारा मात्र कुठंच नसतो. मी घाबरून दंड हलवला, की आबा डोळे मिटूनच म्हणत, "झोपलो द्हाय."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या ओढायला सुरुवात केली. एक हात पट्टी निघाली, दोन हात निघाली, संपेचना. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटचं टोक निघालं तसे ते म्हणाले, "डागदर, फेटा ठिवलाता व्हय आत?" आणि मग त्यांनी श्वास घेतला. नाकानं. लांब, पोटापर्यंत. तोंड मिटून, डोळे मोठ्ठे करून. चार-पाच वेळा घेतला आणि डॉक्टरांचे पाय धरायला खाली वाकले. वाकायला मनाई होती, त्यामुळे डॉक्टरांनीच ओरडून त्यांना धरलं.

मग घरची पथ्यं. शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, मिठाच्या पाण्याचे थेंब, वाफ आणि ओरडायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. पुकारायचा गळा मिटून बसलेले आबा पंधरा दिवस हातवारे करून बोलले. शालननं त्यांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला, म्हणजे उताणं झालं की टोचेल. खाटेखाली उशाकडं विटा आल्या. मटण बंद झालं. रोज संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत चालणं सुरू झालं. जाताना आबा, येताना त्यांची कुरकुर.

हळूहळू वास आला. आधी वाफेच्या पाण्याचा, मग फोडणीचा. बाजारात परत गेले त्या दिवशी ढेपेवर वाकून त्यांनी इतका वेळ हुंगलं, की मारुतीला वाटलं, झोपले. आबा वर बघून म्हणाले, "ह्यो वास हाय व्हय गुळाला! आन् मी इतकी वर्सं नुसता भाव सांगत हुतो."

शालननं एक अट घातली होती. सलग आठ रात्री दोरी ओढावी लागली नाही, तरच ती नेसरीच्या स्थळाला होकार देणार. पहिल्या काही रात्री ओढावी लागली, पण कमी. आणि मग आठ रात्री भिंतीपलीकडं एकदम शांत. घोरणं नाही, हुंकार नाही. नवव्या दिवशी शालन होय म्हणाली. आबांनी डॉक्टरांचा हुकूम मोडून सगळ्या बोळाला पुकारून सांगितलं.

लग्नाची खरेदी सुरू झाली. एका दुपारी काही विचारायला म्हणून मी बाजारात गेलो. आबा स्टुलावर नव्हते. मागं गुदामात पोत्यांवर कुशीवर पडले होते, गाढ झोपेत. शेजारी मारुती बसलेला. मी बघतोय तेवढ्यात आबांचा श्वास अडला, आणि मारुतीनं सवयीनं दंड हलवला.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हातारं रातभर जागतंय," मारुती म्हणाला. "झोपल्याचं सोंग करतंय पोरीम्होरं. आन् दिवसा हितं येऊन निजतंय."

मी आबांना उठवलं. ते म्हणायला लागले, "झोपलो न्हाय, डोळं मिटून..." मग माझा चेहरा बघून थांबले.

"आबा, ही फसवणूक आहे. ती गेल्यावर तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"लई कमी झालंय पावणं, खरंच. चारातलं एक ऱ्हायलंय. पर ती त्या एकासाठी बसून ऱ्हाईल." ते पोत्याच्या सुतळीशी चाळा करत म्हणाले, "तिच्या आईला वर जाऊन काय सांगू? तुझी पोर दोरीला बांधून आलोय म्हणून?"

मी घरी येऊन सुमतीला सांगितलं. सुमती म्हणाली, फसवून लग्न लावायचं पाप मी करणार नाही. ती तडक शालनकडं गेली. परत आली तेव्हा डोळे पुसत होती.

शालनला माहीत होतं. त्या आठांतल्या पहिल्या रात्रीपासून. "काकू, तेरा वर्षं मी त्यांचा श्वास ऐकतेय. जागा माणूस कोण आणि झोपलेला कोण, हे मला कळत नाही होय?" ती म्हणाली होती. "आठ रात्री माझ्यासाठी जागे राहिलेत ते. मी नाही म्हटलं असतं, तर नवव्या रात्रीही जागले असते. मी गेल्याशिवाय ते झोपणार नाहीत."

आणि तिनं सगळी व्यवस्थाही लावून ठेवली होती. मारुती विधुर, मुलं परगावी, गुदामातच राहायचा. शालननं त्याला गळ घातली, की लग्नानंतर आमच्या घरी राहायला या, आबांना सोबत होईल. आबांना वाटलं, ही आपलीच हुशारी. तेही मारुतीला म्हणाले, "ये रं माझ्याकडं. मला एकट्याला घर खायला उठतंय." बापाला कळलं नाही मुलीला माहीत आहे ते, आणि मुलीनंही ते कळू दिलं नाही. आम्ही दोघांनी मध्ये उभं राहून अक्षता टाकल्या.

शालन नेसरीला गेली. आबा त्या दुपारी जे झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, आणि तेव्हा मारुतीला एकदाही हलवावं लागलं नव्हतं, असं तो शपथेवर सांगत होता. मी त्यातलं निम्मं धरतो. पण चालणं आबांनी सोडलं नाही, पोट उतरलं, आणि वर्षभरात मारुतीची कामगिरी जवळपास संपली. दर दिवाळीला आबा डॉक्टरांकडं एक ढेप पोचवत. "माझा श्वास तुमचा हाय," असं म्हणत. मग दारातून वळून सांगत, "निम्मा. निम्मा पोरीचा."

शालन गेल्यावर महिन्याभरानंतरची गोष्ट. सकाळी नळावर गर्दी होती. आबा आमच्या दारात आले. हातात रिकामी वाटी. काही मागायला आलेला माणूस जसा इकडचं तिकडचं बोलतो, तसं बोलत राहिले. मग सुमतीला म्हणाले, "वैनी, शालन डोस्क्याला तेल कुठलं लावायची वो?"

"माक्याचं. मीच करून देत होते. का?"

"वाईच द्या की ह्यात."

"तुम्हाला लावायला?" सुमतीनं त्यांच्या टकलाकडं बघून विचारलं.

"लावायला न्हाय." आबांनी वाटी पुढं केली. "तिच्या खोलीत ठिवतो म्हटलं, फळीवर. घरात वास ऱ्हाईल."

सुमतीनं वाटी भरली. आबांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि सावकाश श्वास आत घेतला. मी मान वळवली. नळावरची माणसं बघत होती, पण आबांना त्याचं काही नव्हतं.

"चोवीस वर्सं पोर घरात हुती," ते म्हणाले, "आन् तिच्या तेलाचा वास मला दीड महिना आला."

मग वाटीवर पंच्याचं टोक झाकलं आणि पायरी उतरता उतरता म्हणाले, "पर आला की, पावणं. आला की दीड महिना!"